‘कोकण डान्स’चे उशिरा झालेले प्रकाशन : दुर्मिळ ध्वनिमुद्रिका आणि समीक्षेची जबाबदारी

प्रास्ताविक :

एखादा ग्रंथ दुर्मिळ झाला की त्याची नवी आवृत्ती निघावी, एखादी पोथी सापडली की ती संपादित होऊन अभ्यासकांच्या हाती यावी, ही अपेक्षा मराठीच्या अध्यापकास स्वाभाविक वाटते. १८७३ साली पूर्ण झालेल्या तुकारामांच्या गाथेच्या सरकारी आवृत्तीसाठी विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या, पाठभेद नोंदविले आणि कोणता पाठ का स्वीकारला याचा विचार केला. तेव्हापासून आजपर्यंत पाठचिकित्सा ही मराठी विद्याव्यवहारातील एक प्रतिष्ठित शाखा राहिली आहे. ध्वनिमुद्रिकेच्या वाट्याला मात्र ही प्रतिष्ठा आलेली नाही. जुनी तबकडी नव्या रूपात बाजारात आली की ती ऐकली जाते, तिचे कौतुक होते. परंतु ती कोणत्या मूळ फितीवरून घेतली, तिच्यावरील नावे बरोबर आहेत काय, ती पुन्हा काढण्यायोग्य कोणी आणि कोणत्या निकषावर ठरविली, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार एका ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने केला आहे. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांची ‘कोकण डान्स’ ही ध्वनिमुद्रिका १९७२ साली लंडनमध्ये तयार झाली. परंतु ती त्या वेळी प्रकाशित झाली नाही. ‘व्होकॅलियन’ या इंग्लंडमधील छोट्या प्रकाशनसंस्थेने ती २००६ साली प्रथमच श्रोत्यांसमोर आणली. या मुद्रिकेत तबल्यावर केशव साठे हे मुंबईचे मराठी वादक आहेत. जिच्या शीर्षकात कोकण आहे आणि जिच्या वादकांत एक मराठी माणूस आहे, अशी कृती चौतीस वर्षांनी परदेशात प्रकाशात येते आणि मराठी संगीतसमीक्षेत तिला फारसे स्थान मिळत नाही, ही वस्तुस्थिती विचार करण्यास भाग पाडणारी आहे.

१. स्वयंप्रकाशन आणि पुनःप्रकाशन :

प्रथम संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या आणि आठव्या दशकांत ब्रिटनमधील अनेक जॅझ आणि जॅझ-फंक वादकांनी मोठ्या कंपन्यांची वाट न पाहता स्वखर्चाने थोड्या प्रती काढल्या आणि त्या मैफलीच्या जागीच विकल्या. जॅझमधील उपज आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या फंक संगीतातील ठाशीव, नाचता येईल असा ठेका यांचा मेळ म्हणजे जॅझ-फंक. अशा स्वयंप्रकाशित तबकड्यांची जाहिरात झाली नाही, त्यांच्यावर परीक्षणे फारशी आली नाहीत आणि वितरण तर जवळजवळ नव्हतेच. पुढे याच कारणांमुळे त्या संग्राहकांना हव्याशा वाटू लागल्या. मूळ प्रतींच्या किमती वाढल्या आणि त्यांचे पुनःप्रकाशन करणाऱ्या लहान संस्था उभ्या राहिल्या.

मराठी वाचकाला या व्यवहाराचे जवळचे उदाहरण गोव्यात सापडते. शिवोली येथील रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत घरच्या घरी मुद्रित केली. वाद्ये बहुतांशी स्वतःच वाजविली आणि फितींची विक्रीही स्वतःच दुकानोदुकानी फिरून केली. मोठ्या कंपनीच्या नकाराला दिलेले ते कृतिशील उत्तर होते. ‘कोकण डान्स’चा प्रकार थोडा वेगळा आहे. ती स्वयंप्रकाशित नाही. लॅन्सडाउन स्टुडिओचे डेनिस प्रेस्टन हे स्वतंत्र निर्माते होते. ते स्वतःच्या जबाबदारीवर मुद्रण करीत आणि तयार फीत मोठ्या कंपनीला प्रकाशनासाठी देत. ही व्यवस्था कलावंताला मोकळीक देणारी होती. परंतु कंपनीने फीत घेतली नाही तर कृती कपाटातच राही. ‘कोकण डान्स’च्या बाबतीत तसेच घडले.

म्हणून येथे तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पूर्वी प्रकाशित झालेली तबकडी जशीच्या तशी पुन्हा काढणे हे पुनर्मुद्रण होय. जुन्या सामग्रीची निवड करून, नव्या क्रमाने आणि नव्या टिपणांसह ती सादर करणे हे संकलन होय. अप्रकाशित फीत प्रथमच प्रकाशित करणे हे हस्तलिखिताच्या संपादनासारखे काम आहे. बाजारात या तिन्ही गोष्टी ‘पुनःप्रकाशन’ या एकाच नावाने ओळखल्या जातात आणि तेथूनच समीक्षेचा गोंधळ सुरू होतो.

२. मुंबई ते लंडन :

अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांमध्ये चर्चशी संलग्न शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळत असे. त्या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात शिरले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांनी पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातील संगीत महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. मात्र त्यातील स्विंगच्या ठेक्यामागे कोणते वादक होते हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. या वादकांच्या जगाचा सविस्तर इतिहास नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या इंग्रजी ग्रंथात आला आहे. थोडक्यात, जॅझ ही मुंबईच्या श्रोत्याला परकी गोष्ट नव्हती. तो ती नाव न विचारता ऐकत होता.

डिसिल्वा सातव्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेले. त्यांच्या आधी, १९५६ साली, केशव साठे (१९२८–२०१२) तेथे पोहोचले होते. लंडनमध्ये तेव्हा भारतीय संगीताचा श्रोतृवर्ग घडत होता. कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक व संगीतरचनाकार जॉन मेयर आणि जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी मिळून दहा वादकांचा एक ‘दुहेरी पंचक’ उभा केला : पाच जॅझवादक आणि मेयर यांच्यासह दुसरे पाच. ‘इंडो-जॅझ स्वीट’ (१९६६) आणि ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ (१९६७) या त्यांच्या मुद्रिकांत सतारीवर दिवान मोतीहार आणि तबल्यावर साठे होते. साठे यांनी पुढे जर्मनीतील ‘जॅझ मीट्स इंडिया’ (१९६७) या मुद्रिकेत आणि इंग्रजी लोकसंगीतात रमलेल्या जॉन रेनबोर्न यांच्या ‘अ मेड इन बेडलम’ (१९७७) या मुद्रिकेतही साथ केली. जॅझ, युरोपीय मुक्त वादन आणि मध्ययुगीन वळणाची इंग्रजी गीते अशा तीन परस्परांहून भिन्न परंपरांत एकच तबलावादक वावरतो, ही त्या काळातील असाधारण गोष्ट मानली पाहिजे.

३. तीन मुद्रिका, तीन रीती :

‘कोकण डान्स’चे मूल्यमापन एकट्या त्या मुद्रिकेवरून करता येणार नाही. तिच्याआधीच्या दोन रीती समोर ठेवल्या तरच तिचे स्थान कळते.

पहिली रीत मेयर यांची. त्यांनी रागाचे स्वर निश्चित करून दिले, लेखी रचना केली आणि त्या चौकटीत जॅझवादकांना उपज करण्यास वाव दिला. या पद्धतीत शिस्त आहे. परंतु दोन्ही गट बहुतेक वेळा एकमेकांच्या शेजारी उभे असलेले भासतात. सतार आणि तबला आले की श्रोता ‘भारत’ असे ओळखतो, सॅक्सोफोन आला की ‘जॅझ’ असे. मिलाफ वाद्यांच्या यादीत पूर्ण होतो, स्वरवाक्यात तो क्वचितच उतरतो.

दुसरी रीत ‘हम दोनो’ (१९६९) या मुद्रिकेची. हॅरियट आणि डिसिल्वा यांच्या या मुद्रिकेत एकही भारतीय वाद्य नाही. गिटार, अल्टो सॅक्सोफोन, नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दविरहित आवाज, इयन कार यांचा ट्रम्पेट, डेव्ह ग्रीन यांचा बास आणि ब्रायन स्प्रिंग यांचे ड्रम एवढीच सामग्री. तरीही येथे भारतीयत्व अधिक आतून आलेले आहे. गिटारची ओळ आणि गाणाऱ्या आवाजाची ओळ एकत्र चालते, तेव्हा गायकाच्या मागोमाग जाणाऱ्या सारंगी-हार्मोनियमच्या साथीची आठवण भारतीय श्रोत्यास होते. वाद्य बदलले आहे, चालण्याची सवय तीच आहे. ‘बॅलड फॉर गोवा’ हे यातील एका रचनेचे नाव. १९६१ च्या हिंदी चित्रपटाचे नाव पुन्हा वापरून जमैकाचा आणि गोव्याचा असे दोन स्थलांतरित कलावंत लंडनमध्ये ‘आम्ही दोघे’ म्हणतात, ही या शीर्षकातील साधी आणि अर्थपूर्ण गोष्ट आहे.

तिसरी रीत ‘कोकण डान्स’ची. येथे डिसिल्वा यांनी सतार आणि तबला पुन्हा आत घेतले. सतारीवर क्लेम आल्फर्ड, तबल्यावर साठे आणि सोबत डॉन रेंडेल व ॲलन ब्रॅन्सकोम यांच्यासारखे ब्रिटिश जॅझमधील मान्यवर वादक. वरवर पाहता ही मेयर यांच्या रीतीकडे माघार वाटते. तथापि महत्त्वाचा फरक असा की, येथे रचनाकार स्वतः तंतुवाद्य वाजवितो आणि त्याची गिटार दोन्ही बाजूंची भाषा बोलते. त्यामुळे सतारीला एकटीने ‘भारत’ सिद्ध करण्याची गरज उरत नाही. तबला केवळ रंगापुरता राहत नाही, ठेक्याची जबाबदारी तो इतर तालवाद्यांबरोबर वाटून घेतो. जॅझ-फंकच्या श्रोत्याला ही मुद्रिका आपलीशी वाटते त्याचे कारण याच ठेक्यात आहे.

शीर्षकातील कोकणाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. या रचनेत जाखडी, धालो किंवा देखणी यांची प्रत्यक्ष चाल शोधणे ही समीक्षेची चुकीची दिशा ठरेल. मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये राहणाऱ्या गोमंतकीयाचे कोकण हे आठवणीतील कोकण आहे. ते लोकसंगीताचे दस्तऐवजीकरण नाही. कलाकृती म्हणून तुलना करावयाची तर ‘हम दोनो’ ही अधिक घट्ट आणि पूर्णत्वास गेलेली मुद्रिका आहे. ‘कोकण डान्स’ सैल आहे. तिचे महत्त्व रीतीच्या पुढच्या टप्प्यात आहे. पहिल्या रीतीत जे शेजारी होते आणि दुसऱ्या रीतीत जे वाद्यांशिवाय साधले, ते तिसऱ्या रीतीत वाद्यांसह साधण्याचा प्रयत्न झाला. हा टप्पा १९७२ साली श्रोत्यांसमोर आला असता तर त्यावर चर्चा झाली असती, अनुकरण झाले असते, खंडनही झाले असते. चौतीस वर्षांच्या विलंबाने गेली ती ही संधी.

४. दुर्मिळता हे मूल्य नव्हे :

पुनःप्रकाशनाच्या बाजारात कृतीची शिफारस बहुधा तिच्या दुर्मिळतेवरून होते. ‘हरवलेली’, ‘विस्मृतीत गेलेली’, ‘संग्राहकांची आवडती’ ही विशेषणे गुणवर्णनाची जागा घेतात. वस्तुतः एखादी तबकडी दुर्मिळ असण्याची कारणे कलाबाह्य असतात. प्रती कमी निघाल्या, कंपनीने रस घेतला नाही, वितरक नव्हता. यांपैकी कोणतेही कारण कृतीची श्रेष्ठता सिद्ध करीत नाही. कनिष्ठताही सिद्ध करीत नाही. पोथी एकच उरली म्हणून ती थोर ठरत नाही, हे मराठी संशोधकाला वेगळे सांगावे लागत नाही. ध्वनिमुद्रिकेलाही तोच न्याय लावला पाहिजे.

पुनःप्रकाशन कृतीचा अर्थही बदलते. मुंबईतील चित्रपटसंगीतात दीर्घकाळ वादन केलेले चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही मुद्रिका याचे ठळक उदाहरण आहे. ती १९८२ साली एच.एम.व्ही.ने काढली, तेव्हा तिचा फारसा बोलबाला झाला नाही. एका डच संग्राहकाने २०१० साली ती पुन्हा प्रकाशित केली आणि रोलंड कंपनीच्या ज्या यंत्रांचा तिच्यात वापर झाला होता त्यांच्या ध्वनीमुळे, १९८७ च्या सुमारास शिकागोत रूढ झालेल्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताची ती पूर्वसूरी ठरविली गेली. २०१५ साली निधन पावलेल्या सिंग यांना आयुष्याच्या अखेरीस त्यामुळे जगभर श्रोते मिळाले, ही आनंदाची बाब आहे. परंतु चर्चेचा भर कशावर राहिला हेही पाहिले पाहिजे. शीर्षकात दहा राग आहेत. त्या रागांचे काय झाले, डिस्कोच्या न थांबणाऱ्या ठेक्यात आलापाचा अवकाश कुठे गेला, चलन टिकले की केवळ आरोह-अवरोह उरले, हे प्रश्न मागे पडले. ते विचारण्याची पात्रता येथील श्रोत्याजवळ होती. त्याने ते विचारले नाहीत, म्हणून मुद्रिकेचा अर्थ तिच्या परदेशी शोधकर्त्याने लावला.

‘कोकण डान्स’च्या बाबतीतही हा धोका आहे. संग्राहकाला तिच्यात १९७२ च्या लंडनची हवा ऐकू येते. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. मुंबई-गोव्याच्या वादकपरंपरेचा धागा जोडल्याशिवाय तिचे वाचन पुरे होत नाही.

५. ध्वनिमुद्रिकेची पाठचिकित्सा :

येथे मिरजेचे उदाहरण उपयुक्त ठरते. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ साली निधन पावल्यानंतर तेथेच त्यांचे दफन झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि पुन्हा चौथ्या दशकात त्यांच्या तबकड्या निघाल्या. पुढे त्याच तबकड्या दीर्घवादन मुद्रिका, ध्वनिफीत आणि कॉम्पॅक्ट डिस्क अशा रूपांतरांतून श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि त्या श्रुतिसंशोधनाशी खाँसाहेबांचाही संबंध होता. ज्या गायकाच्या स्वरस्थानाचा एवढा सूक्ष्म विचार झाला, त्याच्या तबकडीचे रूपांतर करताना गती किती ठेवली हा प्रश्न गौण कसा मानता येईल?

आरंभीच्या काळात तबकड्यांची गती सर्वत्र मिनिटाला ७८ फेरे अशी निश्चित नव्हती. समजा, मूळ मुद्रण ७६ फेऱ्यांचे असेल आणि रूपांतर ७८ फेऱ्यांवर केले, तर संपूर्ण गायन सुमारे ४५ सेंट, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने वर चढते. दोन स्वरांमधील अंतरे यात बदलत नाहीत, हे खरे. परंतु गायकाचा षड्ज बदलतो, आवाजाची जात पातळ होते आणि लय वाढते. पांढरी चारचा गायक कोणता आणि काळी चारचा कोणता, यावर घराण्याच्या गायकीसंबंधी विधाने करणाऱ्या अभ्यासकाला हा फरक दुर्लक्षिता येणार नाही. खाँसाहेबांच्या तबकड्यांची चरित्रासह सूची २००३ साली मायकेल किन्नियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने प्रसिद्ध केली. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने असे सूचीकार्य चिकाटीने केले आहे. मात्र हे काम प्रायः संग्राहकांच्या हौसेवर उभे आहे. विद्यापीठीय संशोधनात त्याला अजून पक्की जागा मिळालेली नाही.

गतीइतकाच महत्त्वाचा भाग श्रेयनामावलीचा. मेयर-हॅरियट यांच्या मुद्रिकांच्या इंग्रजी श्रेयनामावल्यांत आणि त्यांवरून झालेल्या सूचींत केशव साठे यांचे नाव ‘केशन’ असे आढळते. तंबोऱ्यावरील चंद्रहास यांचे आडनाव ‘पैगंका’ असे दिसते. मराठी-कोकणी वाचकाला हे आडनाव ‘पैंगणकर’ किंवा ‘पैंगीणकर’ असावे, त्याचा संबंध गोव्यातील काणकोण तालुक्यातील पैंगीण गावाशी असावा, असे तत्काळ सुचते. हे अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच मांडले पाहिजे. परंतु लंडनमधील सूचीकाराला हे अनुमान करणे शक्य नाही आणि येथील अध्यापकाला ते सहज शक्य आहे, ही गोष्ट जबाबदारी कोणाची हे सांगण्यास पुरेशी आहे. एकदा चुकलेले नाव प्रत्येक पुनःप्रकाशनात तसेच उतरते. लेखनिकाचा प्रमाद पोथीपरंपरेत जसा पुढे चालत जातो, तसाच हा प्रकार आहे.

अप्रकाशित मुद्रिकेबाबत आणखी एक अडचण असते. डिसिल्वा यांचे निधन १९९६ साली झाले, हॅरियट तर १९७३ सालीच गेले. २००६ साली ‘कोकण डान्स’ निघाली तेव्हा तिला अखेरची संमती देण्यास रचनाकार हयात नव्हता. ग्रंथसंपादक अशा वेळी प्रस्तावनेत आपले निर्णय नोंदवितो. मुद्रिकेच्या प्रकाशकाकडूनही तीच अपेक्षा केली पाहिजे. लंडनमधील या वाटचालीच्या केंद्रस्थानी असलेल्या हॅरियट, डिसिल्वा आणि साठे या तिघांपैकी हे प्रकाशन पाहण्यास फक्त तबलावादक हयात होता. त्याचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते.

६. हक्कांची विषम गणना :

पुनःप्रकाशनाचा विचार करताना हक्कांचा प्रश्न टाळता येत नाही. भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार (१९५७) ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. सादरकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. पण ती सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून मोजली जाते. या दोन गणनांचा आरंभबिंदू वेगळा आहे. एखादे वादन आज मुद्रित झाले आणि ‘कोकण डान्स’प्रमाणे चौतीस वर्षांनी प्रथम प्रकाशित झाले, तर त्या वेळी वादकाच्या हक्काची सोळा वर्षे उरलेली असतील आणि निर्मात्याची साठ वर्षे तेव्हा कुठे सुरू होतील. विलंबाचा भार वादकावर पडतो आणि लाभ फितीच्या मालकाला होतो. जुन्या सत्रवादकांना बहुधा एकरकमी मानधन मिळे हे लक्षात घेतले, तर ही विषमता अधिकच जाणवते.

२०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला व्यापारी वापरातील स्वामित्वशुल्काचा वाटा आणि स्वतःच्या वादनाशी आपले नाव जोडले जाण्याचा नैतिक हक्क दिला. श्रेयनामावलीतील नाव शुद्ध असणे ही केवळ टापटिपीची बाब राहिलेली नाही, ती आता हक्काची बाब झाली आहे, असे यावरून म्हणता येईल.

७. एका आक्षेपाचा विचार :

यावर असा आक्षेप संभवतो की, लंडनमध्ये, इंग्रज वादकांसह, पाश्चात्त्य वाद्यांवर घडलेल्या संगीताची मराठी समीक्षेने दखल का घ्यावी? सातारा-सांगलीच्या परिसरातच तमाशा, भेदिक, भजन, नाट्यसंगीत यांच्या कित्येक तबकड्या आणि फिती नोंदीविना नष्ट होत असताना लंडनकडे पाहणे ही चैन ठरणार नाही काय? हा आक्षेप गंभीर आहे. त्यातील दुसरा भाग तर पूर्णपणे मान्य करावा लागतो.

पहिल्या भागाचे उत्तर मराठी संगीतविचारातच मिळते. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन या कोटींबरोबर ‘संगम’ अशीही एक कोटी मानली. भिन्न संस्कृतींच्या भेटीतून निर्माण होणाऱ्या संगीताला त्यांनी विचारव्यूहात हक्काची जागा दिली. चौकट येथेच घडली आहे. तिच्यात उदाहरणे भरण्याचे काम मात्र राहून गेले. दुसऱ्या भागाबाबत असे म्हणता येईल की, ही दोन कामे एकमेकांना छेद देत नाहीत. लंडनच्या तबकडीवरील चुकलेले नाव दुरुस्त करणारी शिस्त आणि तमाशाच्या फितीवरील ढोलकीवादकाचे नाव शोधणारी शिस्त एकच आहे. दोन्ही ठिकाणी मागे उभा असलेला साथीदार निनावी राहतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचे नाव सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

समारोप आणि निष्कर्ष :

‘कोकण डान्स’ ही दुर्लक्षित राहिलेली सर्वश्रेष्ठ कृती आहे, असा दावा येथे केलेला नाही. ती एका विकासक्रमातील आवश्यक टप्पा आहे आणि तो टप्पा वेळेवर प्रकाशित न झाल्याने इतिहासात एक पोकळी राहिली. व्होकॅलियनसारख्या संस्थेने ती फीत प्रकाशात आणली याबद्दल तिचे ऋण मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर, प्रकाशकाचे काम जेथे संपते तेथे समीक्षकाचे काम सुरू होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ध्वनिमुद्रिकेचे पुनःप्रकाशन हे संपादन आहे. मूळ फीत, गती, रचनांचा क्रम आणि श्रेयनामावली यांविषयीचे निर्णय प्रकाशकाने नोंदवावेत, अशी अपेक्षा समीक्षेने ठेवली पाहिजे.

२. दुर्मिळता हा बाजाराचा निकष आहे. कृतीचे मूल्य तिच्या आधीच्या व नंतरच्या कृतींशी तुलना करूनच ठरवावे लागते.

३. मुंबई-गोव्याच्या वादकपरंपरेचा संदर्भ वगळल्यास भारतीय-जॅझ मिलाफाचा इतिहास अपुरा राहतो. हा संदर्भ पुरविणे मराठी आणि कोकणी अभ्यासकांना अधिक सुकर आहे.

४. प्रकाशनास होणारा विलंब हक्कांच्या गणनेत वादकाच्या विरुद्ध जातो. अप्रकाशित फितींच्या बाबतीत कायद्याने या विषमतेचा विचार करणे इष्ट ठरेल.

५. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या परिसरातील तबकड्या आणि फिती यांची किमान नोंद, म्हणजे शीर्षक, वर्ष, कंपनी आणि सर्व साथीदारांची नावे, ग्रंथनोंदीप्रमाणेच ठेवावी. यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. मराठी व संगीत विभागांतील विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून हे काम देता येईल. ढोलकी कोणी वाजविली हे सांगू शकणारी व्यक्ती गावात हयात आहे, तोवरच ते होणे शक्य आहे.